कुणग्यात 10 जणींची सामाईक परसबाग: पाणी, मर आणि हिशेब

परडेवाली
भातकापणी झाली की बचत गटातल्या 10 जणी मिळून 5 गुंठ्यांच्या कुणग्यात (भाताच्या छोट्या तुकड्यात) भाजी करायची म्हणतोय. राजापूर तालुका, जांभ्याची माती, विहीर 40 मीटरवर. जमीन एका ताईंच्या सासऱ्यांच्या नावावर. आधी घरात लागेल तेवढी भाजी, उरेल ती बाजारात. पाणी किती लागेल? वांगी-मिरची उभ्याउभ्या मरतात, त्याला काय करायचं? आणि वाटणी कशी ठेवली म्हणजे मार्चमध्ये भांडणं होणार नाहीत?

पाटपाणी
बियाणं नंतर, आधी पाणी. 5 गुंठे म्हणजे साधारण 500 चौरस मीटर. वाटा सोडून वाफे 300 उरतील. फेब्रुवारीनंतर रोज 5 मिलिमीटर, म्हणजे चौरस मीटरला 5 लिटर धरा, झाले 1500 लिटर. 15 लिटरच्या कळशीने 100 खेपा! अशा बागा इथेच बंद पडतात. घरचं पाणी भरून झाल्यावर कुठली बाई पुन्हा हे भरेल, आणि का भरावं?

चिऱ्यांचा दीड-दोन मीटर उंच ओटा, त्यावर 500 लिटरची टाकी, विहिरीवर छोटा पंप, खाली 16 मिलिमीटरची इनलाइन (आतच ठिबकणारी भोकं असलेली) ठिबक नळी. एक नळी 15 मीटरच्या आत ठेवा. एवढ्या कमी दाबात त्यापुढच्या रोपांना पाणी नीट पोचत नाही. गाळणी आठवड्याला धुवायची. वाफ्यावर पेंढ्याचा चार बोटं थर.

विहीर एप्रिलमध्ये उपसून दुसऱ्या दिवशी किती चढते ते बायकांना ठाऊक असतंच. कमी चढत असेल तर 2 गुंठेच करा.

जांभा माती
उभी मर बहुतेक जिवाणूची. नुकतंच मलूल झालेलं झाड घ्या, सुकलेलं नको. बुंध्याजवळचा तुकडा कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात लटकवा. थोड्या वेळात कापातून दुधासारखा धागा खाली उतरला तर जिवाणूच. मग फवारणीवर पैसे घालवू नका. झाड मुळासकट उपटून जाळा, त्या वाफ्यातलं पाणी दुसऱ्यात जाऊ देऊ नका, तिथे पुन्हा वांगी-मिरची-टोमॅटो नको. वांग्यात अर्का केशव किंवा अर्का नीलकंठ या जाती या मरीला दाद देत नाहीत, टोमॅटोत अर्का रक्षक. रक्षक संकरित आहे, त्याचं बी धरू नका.

आपली माती आंबट. तपासणी करून घ्या. गरज निघाली तर गुंठ्याला साधारण 20 किलो डोलोमाइट (आंबटपणा कमी करणारी चुनखडीसारखी भुकटी), लावणीच्या 15 दिवस आधी. शेणखत गुंठ्याला 200 किलो, पण पुरतं कुजलेलं. कच्च्यात हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी येते.

पहिल्या वर्षी लाल माठ, मुळा आणि दापोली कृषी विद्यापीठाची कोकण सदाबहार चवळी बास. माठाचं बी गुंठ्याला 20-25 ग्रॅम, वाळूत मिसळून फेका, नाहीतर एका जागी दाट आणि बाकी टक्कल. पुढे कारलं लावलंत तर त्याला फळमाशी लागते, तिला क्यूल्युअरचा (नर माशीला ओढणाऱ्या आमिषाचा) सापळा. आंब्याच्या बागेतला मिथाइल युजेनॉलचा आणून टांगलात तर उपयोग नाही, ती माशी वेगळी.

वहीवाली
ताई, आधी सातबारा काढा. सामाईक असेल तर मुंबईच्या भाऊबंदांच्या सह्याही लागतील. कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागेल, या भीतीने मालक लिहून द्यायला कचरतात, म्हणून संमतीपत्राचा मसुदा वकिलाकडून करून घ्या. मुदत त्यात हवीच. दोन वर्षं शेण घालून माती सुधारली की जागा परत मागितली जाते.

हजेरी तासांत लिहा. नुसतं ‘आली’ लिहिलं की पाणी सोडणारी आणि दिवसभर खुरपणारी एका ओळीत बसतात, भांडण तिथून सुरू होतं. घरची भाजी सगळ्यांना सारखी, विक्रीचे पैसे तासांप्रमाणे. आधी जागेचं भाडं आणि 10 टक्के बियाणं-नळीसाठी वजा करा. बाजारात बसणारीचे तासही धरा, ते हमखास विसरतात. पैसा गटाच्या खात्यात, तिथून प्रत्येकीच्या स्वतःच्या खात्यात; नवऱ्याच्या खात्यात गेला तर हिशेब तिच्या हाती राहत नाही.

परडेवाली
आणि वांदरांचं?

पाटपाणी
पक्का इलाज नाही. कडेला अळू, सुरण, हळद लावा, त्यांना सहसा हात लावत नाहीत. भाजी तयार व्हायच्या दिवसांत राखण लागेलच. तेही तास वहीत.