मदत हवी आहे : आईसाठी घरी बाई ठेवू की केअर सेंटर बघू?

नमस्कार मंडळी, आई ७८ वर्षांची, कोल्हापुरात शिवाजी पेठेत एकटीच असते, मी पुण्यात नोकरीला. मागच्या महिन्यात बाथरूममध्ये घसरली, खुब्याचं ऑपरेशन झालं, आता वॉकरवर चालते पण रात्री उठवायला माणूस लागतंच. ७० च्या वरच्यांचं आयुष्मान कार्ड काढलंय, ५ लाखांचं, पण ते अ‍ॅडमिट झालं तरच, घरच्या बाईचा पगार त्यात बसत नाही. पुण्याला चल म्हटलं तर अंबाबाई सोडून कुठं येऊ म्हणते, आणि खरंय तिचं, सगळ्या मैत्रिणी गल्लीतच आहेत. वृद्धाश्रम हा शब्द काढायला माझी जीभच रेटत नाही. २४ तास बाई ठेवलेल्यांनी सांगा ना, पोलिस व्हेरिफिकेशन केलं का, ती सुट्टीवर गेली की काय करता? आणि दोन-तीन महिनेच ठेवून घेणारी, फिजिओ असलेली जागा कोल्हापुरात कुणी स्वतः जाऊन बघितलीय का?