बिनदिव्याच्या रस्त्यावरचे बोर्ड: टाइप ४ घ्यावं की टाइप ११?

पत्रा_आणि_फिल्म
नमस्कार मंडळी. भांडुपच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या आतल्या रस्त्यासाठी २२ बोर्ड करायचे आहेत. १६ गोल, ६०० मिमीचे (वेगमर्यादा, नो पार्किंग) आणि ६ दिशादर्शक, १२०० बाय ९००. रस्त्यावर दिवे जवळजवळ नाहीत, रात्री येतात ते बहुतेक ट्रक आणि कंटेनर. सध्याच्या बोर्डांची लाल कडा रात्री काळी दिसते, आणि दुसऱ्या पावसाळ्यात फिल्म कडेने सुटली. परावर्तक शीटिंगपैकी (हेडलाइटचा उजेड परत पाठवणारी फिल्म, तिचे टाइप असतात) टाइप १ घेणार नाही हे नक्की. टाइप ४ पुरेल का?

रातवा
ट्रक आहेत म्हणताय, मग वेगमर्यादा आणि दिशादर्शकांना टाइप ११ च लावा. शीटिंगवर पडलेला उजेड हेडलाइटकडेच परत जातो. चालकाचा डोळा हेडलाइटच्या जितका वर, तितका त्याच्या वाट्याला कमी. कारमध्ये हे अंतर अर्धा मीटर धरा, ट्रकमध्ये सव्वा. बोर्डापासून हेडलाइट आणि डोळा यांच्यात होणारा कोन १०० मीटरवर कारसाठी साधारण ०.३ अंश येतो, ट्रकसाठी ०.७. पन्नास मीटरवर दोन्ही दुप्पट, म्हणजे बोर्ड वाचायच्या वेळी ट्रकवाला १ अंशाच्या पलीकडे गेलेला असतो.

आता एएसटीएम डी ४९५६ (अशा शीटिंगचं अमेरिकी मानक) मधले पांढऱ्या रंगाच्या चमकेचे किमान आकडे बघा (कॅन्डेला प्रति लक्स प्रति चौरस मीटर, प्रवेशकोन, म्हणजे उजेड बोर्डावर किती तिरका पडतो तो, उणे ४ अंश). ०.२ अंशाला टाइप १ चे ७०, टाइप ४ चे ३६०, टाइप ११ चे ५८०. ०.५ अंशाला टाइप ४ थेट १५० वर उतरतं, टाइप ११ मात्र ४२० टिकवतं. टाइप ८ चा ०.२ चा ७०० आकडा बघून भुलू नका, ०.५ ला ते २५० च देतं. विक्रेता ०.२ चाच आकडा पुढे करतो. तुम्ही ०.५ आणि १ चा मागा.

शाई_आणि_स्क्रीन
लाल कडा काळी दिसते, कारण पांढऱ्या शीटिंगवर साधं लाल व्हिनाइल कापून चिकटवलंय. दुकानात सगळ्यालाच रेडियम म्हणतात, तिथेच घोळ होतो. साधं व्हिनाइल अपारदर्शक असतं, उजेड खालच्या शीटिंगपर्यंत पोचतच नाही. लाल, निळा, हिरवा हे रंग पारदर्शक ओव्हरले फिल्मने किंवा शीटिंगच्या कंपनीने मान्य केलेल्या पारदर्शक शाईनेच करा. काळी अक्षरं तेवढी साध्या काळ्या व्हिनाइलची चालतात, ती चमकायला नकोच असतात.

कडा_सुटली
फिल्म सुटण्याचं कारण बहुतेक वेळा पत्र्यात असतं. ॲल्युमिनियमवरचं तेल डिटर्जंटने काढा, स्कॉचब्राइटने घासा, धुवा, पूर्ण वाळवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि त्यानंतर बोट लावू नका. थिनर वापरलात तर त्याचा तेलकट थर मागे राहू शकतो. फिल्म रोलरनेच दाबा, हाताने दाबलेल्या ठिकाणी हवा राहते आणि पावसाळ्यात फुगवटे तिथूनच सुरू होतात. कडेला २ मिमी पत्रा मोकळा ठेवा. पत्र्याबाहेर लोंबणारी फिल्म पहिली उचलली जाते.

बोल्ट समोरून घालायचा असेल तर नायलॉन वॉशर हवाच. लोखंडी वॉशर आवळताना फिल्मला पीळ देतो, त्या सुरकुतीतून पाणी आत शिरतं आणि प्रिझमचे कप्पे (फिल्ममधले उजेड परतवणारे बारीक प्रिझम) एकेक करून काळे पडतात. दिशादर्शकांना २ मिमीचा पत्रा आणि मागून चॅनल द्या, म्हणजे समोर भोक पाडावंच लागणार नाही.

पत्रा_आणि_फिल्म
नो पार्किंगच्या ८ बोर्डांनाही टाइप ११ च लागेल का?

रातवा
नाही, ते कमी वेगात, जवळून बघायचे असतात. टाइप ४ ठीक आहे. फक्त सगळे गोल एकाच दिशेने कापा. प्रिझमच्या शीटिंगला फिरवलं की चमक बदलू शकते, आणि उरलेल्या तुकड्यांतून आडवेतिडवे कापलेले शेजारचे दोन बोर्ड रात्री वेगळे दिसतात.

बोर्ड उभा करताना रस्त्याला अगदी काटकोनात ठेवू नका, रस्त्यापासून ५ अंश बाहेर वळवा, नाहीतर गुळगुळीत पृष्ठभागावरून हेडलाइटचा झगमगाट थेट डोळ्यात येतो.

माल घ्यायच्या आधी नमुना अंधारात तपासा. १० मीटरवर उभे राहा. टॉर्च डोळ्याच्या ५ सेंमी खाली धरलीत तर १०० मीटरवरची कार, १२ सेंमी खाली धरलीत तर तितक्याच अंतरावरचा ट्रक. टाइप ४ आणि टाइप ११ चे तुकडे शेजारी ठेवून टॉर्च ५ वरून १२ वर न्या आणि कोणता तुकडा जास्त मंद होतो ते बघा.