तौलनिक राजकारणातली पीएचडी वर्कशॉपं आपल्याकडे का नाहीत?

अर्धकच्चा मसुदा:
मी अमेरिकेत राज्यशास्त्रात पीएचडी करतोय, तौलनिक राजकारणात, म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणचं राजकारण शेजारी ठेवून अभ्यासायचं. इथल्या मोठ्या विभागांत विद्यार्थ्यांचं वर्कशॉप असतंच. शिकागो विद्यापीठात तर ही प्रथा १९८०च्या दशकापासूनची. प्रबंधाचं लिहीत असलेलं प्रकरण आधीच सगळ्यांना मेलवर जातं आणि ते वाचूनच यायचं असतं. लेखक पाच-दहा मिनिटं बोलतो, मग दुसरा एखादा विद्यार्थी ‘डिस्कसंट’ म्हणून त्याची चिरफाड करतो आणि त्यानंतर तासभर प्रश्न.

मागच्या सत्रात एका मुलीने महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखान्यांवरचं प्रकरण आणलं होतं. प्रवरा, वारणा, कोपरगाव. सभासद शेतकरी, संचालक मंडळाच्या निवडणुका, त्यातून आमदारकीपर्यंत गेलेलं नेतृत्व, सगळं चोख. चिलीवर काम करणाऱ्या एकाने विचारलं, “हे तिन्ही चाललेले कारखाने आहेत. बुडालेले कुठे आहेत?” खोली गप्प. विदर्भात कायदा तोच, संचालकांच्या निवडणुका त्याच, तरी कितीतरी कारखाने बंद पडले. म्हणजे यशाचं श्रेय नुसत्या निवडणुकांना देता येत नाही. पाणी, जमिनीची वाटणी, पतपुरवठा, सगळं नव्याने तपासावं लागणार. ज्याने ऊस शेतात उभा पाहिलेला नाही त्याने हे विचारलं.

आपल्या विद्यापीठांत हे सुरू करायला खर्च काय? एक खोली, चहा आणि वाचून येणारी दहा माणसं.

फडकरी:
“वाचून येणारी दहा माणसं” इथेच घोडं पेंड खातंय, साहेब. मी कॉलेजात शिकवतो. संशोधन सल्लागार समितीपुढे ठरावीक मुदतीने सादरीकरण करायचं, हे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांत आहेच. कागदावर ते तुमचं वर्कशॉपच. प्रत्यक्षात ‘एक चिकित्सक अभ्यास’ अशा शीर्षकाच्या स्लाइडी, बाहेरून आलेल्या सरांची “संदर्भसूची वाढवा” ही सूचना, की लगेच वडे. प्रबंध कोणी उघडलेला नसतो. आणि उघडला असला तरी विद्यार्थ्याला अडचणीचा प्रश्न विचारला की तो गाइडला विचारला असा अर्थ निघतो. उद्या तुमचा विद्यार्थी त्याच गाइडसमोर उभा राहणार असतो, मग कोण कशाला तोंड उघडेल? २०१६च्या नियमांत दोन परिषदांत पेपर वाचायची अट होती. त्यातून काय वाढलं? प्रमाणपत्रं. २०२२मध्ये ती अट गेली, बरं झालं.

नदीकाठची:
फडकरींशी सहमत, पण माझा आक्षेप वेगळा आहे. हे वर्कशॉप अभ्यासाला वळण लावतं, आणि वळण एकाच दिशेचं. जे तुलनेत बसतं तेवढंच प्रकरणात उरतं. २०००मध्ये अमेरिकेतच ‘पेरेस्त्रोइका’ या टोपणनावाने एक निनावी ईमेल फिरली होती. आकडेमोड आणि गेम थिअरीपुढे (माणसं डावपेच कसे आखतात याची गणिती मांडणी) बाकीच्या अभ्यासाला जागाच उरली नाही, अशी तक्रार होती. राजस्थानवर आयुष्यभर काम केलेल्या राज्यशास्त्रज्ञ सुझान रुडॉल्फ त्या बाजूने उभ्या राहिल्या. त्या खोलीतल्या मुलीला आता विदर्भही करावा लागणार. मग प्रवरेत विखे-पाटलांनी गावोगाव फिरून शेअर्सचे पैसे कसे गोळा केले, ते दोन ओळींत उरकणार. एवढंच ना?

अर्धकच्चा मसुदा:
ताई, उरकायला कोणी सांगितलेलं नाही. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांच्या हिंदू-मुस्लिम दंगलींच्या अभ्यासात दंगली होणाऱ्या शहरासमोर शांत शहर ठेवलंय: अलीगढसमोर केरळातलं कालिकत आहे, हैदराबादसमोर लखनौ, अहमदाबादसमोर सुरत. नुसती अलीगढची दंगल कितीही बारकाईने लिहिली असती, तरी कालिकत शांत का राहिलं हा प्रश्न पडलाच नसता. जोडी लावली म्हणून पडला.

नदीकाठची:
आणि त्याच सुरतेत १९९२ला जुनं शहर बऱ्यापैकी शांत राहिलं, पेटल्या त्या बाहेरच्या कामगार वस्त्या. मग सुरत कुठल्या रकान्यात टाकायची? हे कळायला त्या वस्त्यांतून हिंडावं लागतं. चिलीवाल्याने प्रश्न विचारून ते कळत नाही.

अर्धकच्चा मसुदा:
वस्तीत जाऊन नेमकं काय विचारायचं, हे तरी कळतं की नाही?

फडकरी:
तुम्ही दोघं चिली आणि सुरत करा. माझ्याकडची मुलं नोकरी सांभाळून पीएचडी करतात, शनिवारी एसटीने येतात. त्यांना इंग्रजीतली तीस पानं वाचून या म्हटलं तर पुढच्या शनिवारी येणार नाहीत. आधी मसुदे मराठीत चालतील असं जाहीर करा, मग बघू.

वसतिगृह २:
+१, मराठीत चालतंच की. आम्ही चौघं जेवणानंतर मेसमध्ये बसतो. एकाचं प्रकरण, बाकी तिघांनी वाचलेलं. स्लाइडी नाहीत, गाइडना निमंत्रण नाही. परवा ग्रामपंचायतीतल्या महिला सरपंचांवरचं प्रकरण होतं. आरक्षण नसलेल्या गावांच्या मुलाखती एकही नव्हत्या, दोन तास त्यावरच भांडण झालं. आता ते प्रकरण लिहिणारी परत गावांत चाललीय.

फडकरी:
छान. गाइडना कळल्यावर काय झालं, तेही लिहा.