एका दादाच्या जागी बारभाई आले म्हणजे जग सुधारलं का?

खडूस_बुवा: "एका महासत्तेची दादागिरी संपली, आता सगळ्यांचं ऐकलं जाईल, सहकार्य वाढेल," असं काल इथेच कुणीतरी लिहिलंय. वाचून राहवेना. ऐकणारे कोण? देशादेशांतल्या व्यापारी तंट्यांवर शेवटचा निकाल देणारं जागतिक व्यापार संघटनेचं अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे. हरलेला देश अपील करतो आणि खटला तसाच लोंबकळतो. बारभाईंचा कारभार म्हणतात तो हाच.

उलटतपासणी: बुवा, मंडळाच्या नेमणुका अडवल्या कुणी? तुमच्या त्या जुन्या दादाने, अमेरिकेनेच ना! उलट युरोपीय संघ, चीन, ब्राझील वगैरेंनी २०२० मध्ये आपापसात पर्यायी लवाद उभा केला. देवी रोगाचंही तसंच. तो संपवायचा ठराव सोव्हिएतांचा, मोहिमेचा प्रमुख अमेरिकन, तेही ऐन शीतयुद्धात. १९८० मध्ये रोग हद्दपार.

खडूस_बुवा: त्या लवादात ना अमेरिका, ना भारत. आणि देवीच्या वेळी दोनच दादा होते हो. दोघांत तोडगा निघतो, दहांत निघतो का?

डेकवरचा: मी सांगतो निघतो का ते. मी खलाशी. २०२० मध्ये माझा करार नऊ महिन्यांचा, साइन-ऑफ, म्हणजे जहाजावरून सुटका, मिळाला पंधराव्या महिन्यात. खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार म्हणतो, सलग बारा महिने माणूस जहाजावर ठेवायचा नाही. बड्या बड्या देशांनी तो मान्य केलेला. पण एक बंदर उतरवून घेईल तर शपथ. आमच्यासारखे तेव्हा चार लाख अडकले होते. नकाराधिकार कुणी वापरला नाही, सगळ्यांनी नुसती दारं लावली.

उलटतपासणी: वाईट झालं. पण ती महामारी होती, त्याचा इथे काय संबंध?

डेकवरचा: संबंध? जहाजाची नोंदणी पनामात म्हणून झेंडा पनामाचा, मालक तिसरीकडचा, खलाशी चौथीकडचे. तक्रार कुणाकडे करायची सांगा! झेंड्यावाल्याने मालकाकडे बोट दाखवलं, मालकाने बंदराकडे.

खडूस_बुवा: परक्या झेंड्यांचा हा धंदा एकध्रुवीय काळात, म्हणजे एकच दादा असतानाही, जोरात होता, हे मात्र मला कबूल करावं लागतंय.

उलटतपासणी: अरे वा, बुवांनी कबूल केलं! तारीख लिहून ठेवा रे.

खडूस_बुवा: लिहा. खाली हेही लिहा की लवादाचं उत्तर अजून आलेलं नाही.

डेकवरचा: आणि माझ्या जादा सहा महिन्यांच्या ओव्हरटाइमचंही.