मदत हवी आहे: वेंगुर्ला रॉक्सला पहाटे जावं की संध्याकाळी?

२६ जानेवारीला जोडून आलेल्या सुट्टीत सिंधुदुर्गातल्या निवतीहून बोटीने वेंगुर्ला रॉक्स या समुद्रातल्या खडकाळ बेटांकडे जायचंय. वाटेत डॉल्फिन, समुद्री गरुड दिसले तर आनंदच, पण खरी ओढ आहे त्यातल्या बर्न्ट बेटावरच्या गुहेत घरटी करणाऱ्या भारतीय पाकोळ्यांची (इंडियन स्विफ्टलेट हे छोटे पक्षी). बेटावर उतरणार नाही, गुहेजवळही जाणार नाही. त्यांना त्रास देऊन फोटो नकोतच.

बोटवाल्यांशी बोललो. एक म्हणतो पहाटेच निघा, दुपारी वारा वाढतो. दुसरा म्हणतो पाकोळ्या संध्याकाळी परततात, तेव्हा चला. लाइफ जॅकेट मिळतील. सोबत आई आहे, तिला बोट लागते, म्हणून एकच फेरी जमेल.

पहाटे बाहेर पडणाऱ्या पाकोळ्या लांबून दुर्बिणीतून नीट दिसतात का? आणि नुसती बेटाला फेरी मारायलाही परवानगी लागते का, लागत असेल तर कुणाची?