मशीन म्हणतं 4.1, पायथन म्हणतं 4.0999... आणि दर चुकतोय

गवळी_कोडर
मंडळी, गावातल्या दूध संकलन केंद्राचं सॉफ्टवेअर मी बघतो. फॅट मोजणाऱ्या मशीनसोबत सी भाषेतली लायब्ररी आली होती, ती पायथनमधून वापरता यावी म्हणून सीमध्येच छोटं एक्स्टेंशन लिहिलंय. लायब्ररी फॅट 'फ्लोट'मध्ये (सीमधला कमी अचूक अपूर्णांक) देते, मी तो आकडा तसाच पायफ्लोट_फ्रॉमडबलला देतो; ते फंक्शन 'डबल'पासून (जास्त अचूक अपूर्णांक) पायथनचा आकडा बनवतं.

परवा सकाळी एक आजोबा पावती घेऊन आले. "फॅट 4.1 लिहिलीय, मग दर 4.0 चा कसा रे?" बघितलं तर खरंच तसं. पायथनमध्ये छापलं तर 4.099999904632568. दरपत्रकातली ओळ शोधायला मी फॅटला 10 ने गुणून पुढचा अपूर्णांक उडवतो, त्यामुळे 41 ऐवजी 40 ची ओळ लागली. पावती एकच दशांश छापते, म्हणून तिथे 4.1.

डोकं फिरलं ते पुढे. तोच गुणाकार सीमध्ये केला तर 41 येतो! आणि चाचणीच्या वेळी 3.5 न् 6.5 घालून बघितलं होतं, तेव्हा सगळं चोख होतं. फ्लोटचं डबल होताना गडबड होते का?

जुना_सीवाला
नाही. फ्लोटचं डबल होताना काहीच बदलत नाही, आणि रडगाणं नेमकं तेच आहे. एक तृतीयांश जसा दशांशात पुरा लिहिता येत नाही, तसा 4.1 बायनरीत (नुसत्या 0 आणि 1 मध्ये) पुरा लिहिता येत नाही. फ्लोटकडे 24 बिट. त्यात बसणारा सगळ्यात जवळचा आकडा 4.1 पेक्षा किंचित कमी आहे. डबलमध्ये 53 बिट, पण जादाच्या जागी नुसती शून्यं येतात. आलेली चूक तशीच राहते, फक्त आता दिसायला लागते.

सीमध्ये तुम्ही फ्लोटला फ्लोटने गुणलंत. 41 च्या आसपास दोन फ्लोटमधलं अंतर साधारण 0.000004 असतं, त्यामुळे 40.999999 गोल होऊन 41 झाला. म्हणजे चूक झाकली गेली, इतकंच. पायथन डबलमध्ये गुणतो, तिथे ती झाकायला जागा नाही. आणि 3.5, 6.5 मध्ये अर्धा आहे; अर्धा बायनरीत नेमका बसतो. चाचणीला नेमके तेच आकडे घेतलेत!

आता 4.2 घालून बघा, तोही घसरेल. 4.3 मात्र बरोबर येईल, कारण तो फ्लोटमध्ये किंचित वर पडतो. म्हणजे काहींना बरोबर दर, काहींना कमी. जास्त कुणालाच नाही. आजोबांना संशय आला त्यात नवल नाही.

उपाय: फॅट अपूर्णांकात वर पाठवूच नका. सीमध्येच एलराउंडएफ(फॅट * 10) करा, म्हणजे जवळच्या पूर्णांकात गोल होईल, आणि पायलाँग_फ्रॉमलाँगने 41 हा पूर्णांक पायथनला द्या. दरपत्रक 41 ने शोधा. 10 ने भागायचं ते फक्त पावती छापताना.

कोरा_कागद
पायथनमध्ये डेसिमल (दशांश आकडे नेमके ठेवणारा प्रकार) वापरलं तर सोपं नाही का?

जुना_सीवाला
फ्लोटपासून थेट डेसिमल केलंत तर तो 4.09999990... सगळी शेपटी इमानदारीने जपतो. राउंड करून चालेल, पण मग प्रत्येक ठिकाणी आठवणीने करायला लागेल. एक दिवस कुणीतरी विसरणारच.

थंड_डोकं
थोडं विषयांतर. उलट्या दिशेनेही एक खड्डा आहे. पायथनच्या आकड्याचं सीचं डबल करणारं पायफ्लोट_ॲजडबल चुकलं तर -1.0 परत देतं. आमच्या द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये -1.0 हे खरंच तापमान असतं. कोड त्यालाच चूक समजून रात्री भोंगा वाजवायचा. -1.0 आल्यावर पायएर_ऑकर्डला विचारा (खरंच चूक झाली का ते तो सांगतो), मगच ठरवा.

गवळी_कोडर
दादा, झालं. 4.1, 4.2, 4.6 तिन्ही आता बरोबर. आणि थंड_डोकं, तुमच्यामुळे अजून एक सापडलं: मशीनच्या फॅटमध्ये मिळवायचा दुरुस्तीचा आकडा (करेक्शन) मी सेटिंगच्या फाइलमधून अक्षरांतच, आकड्यात न बदलता, उचलून सीला देत होतो, तपासणी काहीच नव्हती. सध्या ती जागा रिकामी असते आणि रिकामी असली की कोड सीला काही देतच नाही म्हणून वाचलो, नाहीतर त्या आकड्याच्या जागी -1.0 धरून सीमधला हिशोब चुकला असता.

आता जुन्या पावत्या काढून बसलोय. कच्चा फ्लोट डेटाबेसमध्ये जपला होता हे नशीब, त्यामुळे प्रत्येकाचा फरक काढता येतोय. सचिव म्हणतात पुढच्या बिलात जमा करू. आजोबांचे 11 रुपये 40 पैसे निघाले.

जुना_सीवाला
बिलाचा हिशोब तरी पैशांत, पूर्णांकात करताय ना?

गवळी_कोडर
...बघतो.