‘दिल्या घरी तू सुखी रहा’मधलं ‘दिल्या’

ऐरोलीकर: पुतणीच्या पाठवणीला आम्ही बायका पी. सावळारामांचं ‘गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का’ म्हणणार आहोत. त्यात आई मुलीला म्हणते, ‘दिल्या घरी तू सुखी रहा’. तालमीत नवरीनंच विचारलं, "काकू, घर कोणी कोणाला दिलंय?" मला उत्तर देता येईना. ‘दिल्या’चा अन्वय कसा लावायचा?

चरईचा जोशी: ‘दिल्या’ म्हणजे ‘दिलेल्या’. जुनं धातुसाधित विशेषण. ‘गेल्या वर्षी’, ‘मेल्या म्हशीला मणभर दूध’ यांत तेच आहे.

ऐरोलीकर: ते कळलं हो, पण मेली ती म्हैसच. इथे दिली मुलगी आणि विशेषण घराला!

नौपाड्याच्या मावशी: अगं, ‘बसल्या जागी’ म्हणतेस ना? जागा कुठे बसलीय? ‘राहतं घर’ म्हणतो तेव्हा घर कुठे राहत असतं? क्रिया माणसाची, विशेषण ठिकाणाला. तशी ‘दिल्या घरी’ म्हणजे ‘जिथे तुला दिली त्या घरी’. याउलट ‘दिल्या भाकरीचा, सांगितल्या चाकरीचा’ घे. तिथे भाकरी खरोखरच दिलेली असते. रूप तेच, नातं वेगळं.

मला यातलं आवडतं ते असं, की देणारा वाक्यात कुठेच नाही. बापानं दिली, मामानं जमवलं, काही नाही. आई बोलतेय आणि निर्णय तिचा होता असंही ती म्हणत नाही. झालेली गोष्ट धरून पुढचा आशीर्वाद देते.

कळव्याची: मुलगी ‘देणं’ हेच मला खटकतं. वस्तू आहे का ती?

नौपाड्याच्या मावशी: खटकू दे की. पण ‘मुलगी कुठे दिली?’ हा गावोगावचा रोजचा प्रश्न होता. सावळाराम मूळचे सांगलीकडच्या येडेनिपाणीचे, जन्म 1914चा, खरं नाव निवृत्ती रावजी पाटील. पुढे ते आमच्या ठाण्याचे नगराध्यक्षही झाले, पण गीतांतली बोली घरातल्या बायकांचीच राहिली. याच गाण्यातलं ‘कढ मायेचे’ बघ. कढ म्हणजे उकळी, आतून वर येणारी. ‘उमाळा’ म्हटलं असतं तर अर्थ तोच राहिला असता, पण चूल गेली असती.

चरईचा जोशी: ‘उभ्या’बद्दलही बोला. गंगा-यमुना वाहतात, उभ्या कशा राहतील?

नौपाड्याच्या मावशी: डोळ्यांत पाणी उभं राहतं, जोशीबुवा. वाहिलं की मग रडणं. दोन डोळ्यांच्या दोन नद्या हा वाक्प्रचार जुनाच आहे. कवीनं ‘वाहणं’ काढून ‘उभं राहणं’ घातलं. मुलीनं अश्रू अडवलेत, हे त्या एका शब्दात आलं. वसंत प्रभूंच्या चालीत लताबाई ते म्हणतात तेव्हा तर सांगायलाच नको.

कळव्याची: मग ‘नव्या घरी’ म्हटलं तर? मात्रा बसतात.

चरईचा जोशी: बसतात. पण नवं घर भाड्याचंही असतं. आणि कुणी ‘रहा’चं ‘राहा’ करायला सांगेल, तर ऐकू नका; आज्ञार्थात दोन्ही रूपं चालतात आणि गाताना ऱ्हस्वच हवा.

ऐरोलीकर: ‘दिल्या’च ठेवतोय. नवरीला ‘बसल्या जागी’चं उदाहरण सांगितलं, तर म्हणाली, "मग मी इथेच बसते."